पंधरा दिवसांची मुदत

आमच्या घरात ‘नोटीस’ हा शब्द मोठ्याने उच्चारण्याची पद्धत नव्हती. काही आजारांची नावे जशी कुजबुजत घेतली जातात, तसा तो शब्द वडील घेत, तोही मुले झोपल्यावर. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, चौकाच्या डाव्या हाताला, दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. भाडे अकरा रुपये. १९६२ सालच्या श्रावणात मालकांच्या वकिलाकडून एक लांबट लिफाफा आला. वडील शाळेत कारकून. दिवसभर कागदांतच वावरणारे. पण तो कागद त्यांनी उभ्याने वाचला, मग बसून वाचला, आणि देवाच्या फडताळात पंचांगाखाली ठेवून दिला. पुढे कित्येक वर्षे पंचांगे बदलत गेली, खालचा कागद तोच राहिला.

नवलाची गोष्ट अशी, की मालक आणि वडील रोज सकाळी एकाच नळावर भेटत. ‘आज शाळेला उशीर वाटतं?’ असे मालक विचारत आणि वडील हसून उत्तर देत. संक्रांतीला मालकीणबाई आईला हळदीकुंकवाला बोलवत. दावा कोर्टात, माणसे वाड्यात, अशी ती विभागणी होती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठवले होते आणि भाडेकरूला उठवणे अवघड करून ठेवले होते. त्यामुळे तारखा पडत राहिल्या आणि आम्ही तिथेच वाढलो. अकरा रुपयांत मालकांना कौले शाकारून घेणेही परवडत नसेल, हा विचार मला फार उशिरा सुचला. तोवर मालकही गेले होते आणि कौलेही.

नोटीस वरून खाली येते, मालकाकडून भाडेकरूकडे, एवढेच मला ठाऊक होते. ती खालून वरही जाऊ शकते, हे कळायला वयाची अडतीस वर्षे आणि दिल्ली शहर लागले.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनुवादकाची नोकरी मिळून मी दिल्लीत आलो आणि १९८६ च्या १ जूनपासून राजेंद्रनगरमध्ये एका बरसातीत राहू लागलो. बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली. एक खोली, स्वयंपाकापुरता आडोसा, नहाणीघर, आणि बाकी सगळे आकाश. मे-जूनमध्ये भिंती रात्री अकरापर्यंत तापलेल्या असत. पाण्याची टाकी उन्हात असल्याने दुपारी नळाला कढत पाणी येई. आम्ही गच्चीवर पाणी शिंपडून खाटा टाकत असू. हिवाळ्यात मात्र हीच जागा सगळ्या घराचे दिवाणखाण्यासारखे केंद्र होई. खालच्या मजल्यावर थंडीने काळोख आणि वर लख्ख ऊन. मग घरमालकीण बीजी सोळा पायऱ्या चढून वर येत, चटई अंथरत, शेंगा सोलत, उडदाचे सांडगे वाळत घालत आणि माझ्या पत्नीला पंजाबी शिकवत. बीजी म्हणजे आई. सारी गल्लीच त्यांना बीजी म्हणे, आम्हीही म्हणू लागलो.

राजेंद्रनगर ही फाळणीत घरदार गमावून आलेल्यांसाठी वसवलेली वस्ती. बीजी लायलपूरच्या. त्या शहराचे नाव १९७७ साली फैसलाबाद झाले, पण बीजींच्या तोंडी ते शेवटपर्यंत लायलपूरच होते. त्यांचे यजमान आम्ही येण्यापूर्वीच वारले होते. एक मुलगा, त्याचे करोलबागेत मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान. सून, दोन नातवंडे. आमचे भाडे साडेचारशे, अनामत नऊशे. पुढे भाडे सातशेपर्यंत गेले. तोवर गल्लीतल्या नव्या बरसात्यांना दोन-अडीच हजार मिळू लागले होते, हे मला माहीत होते, मुलालाही माहीत होते. जिन्यात भेटलो की आम्ही दोघे हवापाण्याविषयी बोलत असू.

दिवाळीत मी बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील करून गच्चीवर काठीला बांधत असे. त्या भागात तो एकच. ‘कंदीलवाला मकान’ अशी आमच्या घराची खूण रिक्षावाल्यांना सांगितली जाऊ लागली, याचा बीजींना फार अभिमान होता. चकलीला त्या ‘टेढ़ी मट्ठी’ म्हणत आणि ती चहात बुडवून खात. हा शेवटचा प्रकार पत्नीने कधीच मनापासून क्षमा केला नाही.

१९९३ च्या ऑक्टोबरात मला सरकारी क्वार्टर मिळाल्याचा कागद आला. दिल्लीत नोकरी केलेल्यालाच या वाक्याचे मोल कळेल. वर्षानुवर्षे यादीत नाव वर सरकत राहते आणि एके दिवशी कागद येतो. थोड्या दिवसांत होकार कळवला नाही, तर संधी जाते. मी त्याच दिवशी होकार कळवला. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचे मेहुणे तीस हजारी कोर्टात वकिली करीत. ते म्हणाले, ‘जागा सोडताय ना? मग रीतसर नोटीस द्या. नाहीतर हा मालक पुढल्या महिन्यांचं भाडं मागेल. तुमच्या हाती कागद हवा.’

त्यांनी मला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०६ वे कलम दाखवले. कायदा १८८२ चा. राहण्यासाठी घेतलेली जागा, दुसरा काही करार नसेल, तर महिन्यामहिन्याने घेतलेली समजावी. आणि मालकाने किंवा भाडेकरूने, दोघांपैकी कोणीही, पंधरा दिवसांची नोटीस देऊन तो संबंध संपवावा. ‘दोघांपैकी कोणीही’ हे शब्द मी पुन्हा वाचले. पंचांगाखालचा तो कागद वडिलांनाही धाडता आला असता. अर्थात धाडून ते जाणार कुठे होते? हक्क दोघांना सारखा दिला, तरी जायला दुसरी जागा असणे हे कलमात लिहिता येत नाही.

त्या कलमात नोटीस कशी पोचवावी, हेही सांगितलेले आहे. ती लेखी हवी, सहीची हवी. टपालाने पाठवावी, किंवा त्या माणसाच्या हाती द्यावी, किंवा त्याच्या राहत्या घरी कुटुंबातल्या कोणाकडे वा नोकराकडे द्यावी. यातले काहीच साधले नाही, तर जागेच्या ठळक दिसेल अशा भागावर चिकटवावी. पायी जाऊन हाती देणे आणि टपालाने धाडणे, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखेच. तेव्हा नोटिशीची मुदत भाड्याचा महिना संपतो त्या दिवशीच संपावी लागे; एका दिवसाची चूक झाली तरी दावे कोसळत. २००२ साली कलमात दुरुस्ती होऊन ती अट गेली आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस मोजले जाऊ लागले. माझा महिना पहिल्या तारखेचा असल्याने हिशेब सरळ होता. ३१ ऑक्टोबर.

वकिलांनी इंग्रजीत मसुदा करून दिला. मी त्यावर सही केली. पत्नी म्हणाली, ‘खाली जाऊन सांगा ना सरळ. मग कागद द्या.’ मी म्हणालो, ‘आधी कागद पोचू दे.’ ११ ऑक्टोबरला, सोमवारी, मी कार्यालयाजवळच्या टपाल कचेरीतून तो पोचपावतीसह रजिस्टर केला.

आज या गोष्टीकडे पाहताना मला वकिलांना दोष देता येत नाही. त्यांनी कागद हवा म्हटले होते. तोंड बंद ठेवा म्हटले नव्हते. सात वर्षे जिच्या हातचे लोणचे खाल्ले, तिला ‘जातो’ म्हणण्याचे धैर्य माझ्याजवळ नव्हते, आणि कायद्याने त्या भित्रेपणाला टपालाचा रस्ता उघडून दिला होता. सोमवार ते गुरुवार ते पत्र दिल्लीतून फिरत होते, आणि आम्ही त्याच घरात सोळा पायऱ्यांच्या अंतरावर राहत होतो. मंगळवारी बीजी वर आल्या. मुळे आणल्या होत्या. कूलरच्या ताट्यांतला वाळा झडलाय, होळीनंतर आपण दोघी जाऊन नवा आणू, स्वस्त मिळतो, असे पत्नीला सांगू लागल्या. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्राचे पान उलटले. बीजी पाऊण तास बसल्या असतील. बुधवारी पत्नी खाली गेलीच नाही. डोके दुखते, असा निरोप तिने नातवाकडून धाडला, तर तासाभराने त्याच नातवाबरोबर बीजींनी ओव्याचा काढा पाठवला. तो आम्ही दोघांनी मुकाट्याने वाटून घेतला.

गुरुवारी पोस्टमन आला. आमची पत्रे आणणाराच. त्याने पाकिटावरचे पाठवणाऱ्याचे नाव वाचले असणार, कारण खालून त्याचे हसणे ऐकू आले. बीजींनी पोचपावतीवर गुरुमुखीत सही केली. इंग्रजी त्यांना येत नव्हते. पत्र रात्री मुलाने वाचले.

तो लगेचच वर आला. एरवी तो दारातून बोलत असे. त्या दिवशी आत आला आणि त्याने दार लोटून घेतले. ‘साफ़ बताइए,’ तो म्हणाला, ‘कितना लेंगे?’

मला प्रश्नच समजला नाही. मग समजला. त्या काळी दिल्लीत जुन्या भाड्याने राहणारा माणूस फुकट जागा सोडीत नसे. १९५८ चा दिल्लीचा भाडेनियंत्रण कायदा त्याच्या पाठीशी असे आणि मालक त्याला रक्कम मोजून बाहेर काढीत. नोटीस म्हणजे सौद्याची सुरुवात, असाच त्याने अर्थ घेतला होता. अशा व्यवहारांत वाढलेल्या माणसाने दुसरा कोणता घ्यावा? तो दहा हजार म्हणाला. मी गप्प राहिल्यावर बारा म्हणाला.

मी नको म्हणालो. पण हे लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. मी नको म्हणालो, परंतु लगेच म्हणालो नाही. बारा हजार म्हणजे माझे कित्येक महिन्यांचे वेतन होते, आणि मधल्या त्या क्षणात क्वार्टरसाठी घ्यायचा शीतकपाट माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट उभा राहिला होता, दाराच्या मुठीसकट. पत्नी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी म्हणालो, ‘क्वार्टर मिला है, इसलिए जा रहे हैं। कुछ नहीं चाहिए।’ त्याचा विश्वास बसला नाही. तो खाली गेला तो कोड्यात पडल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. बीजी अंगणात परातीत डाळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘पुत्तर, सोलह पौड़ियाँ थीं बीच में।’ पौडी म्हणजे पायरी. ‘डाकिए को क्यों तकलीफ़ दी?’

उत्तर म्हणून मी क्वार्टरचे सांगितले, वकिलांचे सांगितले, कायद्याचे सांगितले. १०६ वे कलम मी त्या माउलीला हिंदीत समजावून सांगितले, हे आठवले की आजही कान गरम होतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, ‘दिवाली कब है?’ नोव्हेंबरच्या मध्यावर होती. ‘तो दिवाली करके जाना। कंदील कौन बाँधेगा?’

वकिलांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्याच कायद्यात ११३ वे कलम आहे. नोटीस दिल्यावर देणाऱ्याने भाडेपट्टा चालूच आहे असे दाखवणारी काही कृती केली आणि समोरच्याने तिला संमती दिली, तर नोटीस सोडून दिली असे धरतात. ‘एक रुपया भाडं दिलंत आणि त्यांनी घेतलं, की सगळं पाण्यात,’ ते म्हणाले. क्वार्टरची किल्ली मी ताब्यात घेतली होती, तिथे रंगकाम चालू होते, पण आम्ही राजेंद्रनगरातच राहिलो. १ नोव्हेंबरला सवयीने सातशे रुपये घेऊन मी खाली गेलो. बीजींनी हात मागे घेतला. ‘किराया तो इकतीस को ख़तम हो गया,’ त्या म्हणाल्या. ‘कागज़ में यही लिखा है ना? अब तो मेहमान हो।’ कायद्याचा इतका काटेकोर आणि इतका सुंदर अर्थ लावलेला मी पुन्हा कुठे ऐकला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नातवंडांनी गच्चीच्या कठड्यावर मेणबत्त्या लावल्या होत्या. कंदील वाऱ्याने फिरत होता. बीजी खाटेवर बसल्या होत्या आणि कोणी विचारले नसता बोलू लागल्या. लायलपुरात त्यांचे घर घंटाघराजवळ होते. त्या घंटाघरापासून आठ दिशांना आठ बाजार फुटतात; त्यांतल्या एकाच्या मागच्या गल्लीत. घराच्या गच्चीवर चौबारा होता, इथल्यासारखाच, आणि त्यात एक मुसलमान शाळामास्तर भाड्याने राहत असे. १९४७ च्या सप्टेंबरात काफिल्याबरोबर निघताना यजमानांनी घराच्या किल्ल्या त्याच्याच हाती दिल्या. दोन-तीन महिन्यांत परत येऊ, असे सांगितले. मास्तरांनी रस्त्यासाठी चण्यांची पिशवी दिली. कुरुक्षेत्राच्या छावणीत पोचल्यावर त्यांच्या लक्षात आले, की मास्तरांची अनामत परत द्यायची राहिली. ‘उसके चौबीस रुपये हमारे पास रह गए,’ बीजी म्हणाल्या. छावणीतून यजमानांनी त्यांना दोन पत्रे घातली. उत्तर आले नाही. घर गेले, दोन म्हशी गेल्या, शेत गेले, त्यांचा उल्लेख बीजींनी एकदाच आणि भरभर केला. चोवीस रुपयांपाशी मात्र त्या थांबल्या.

पुढे केव्हातरी मी तो १८८२ चा कायदा पहिल्या कलमापासून वाचला. मूळ कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू केला असला, तरी आरंभी काही प्रांत वगळले होते. आमचा मुंबई इलाखा त्यांत होता, ब्रह्मदेश होता, आणि पंजाब होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी बीजींनी लोखंडी ट्रंकेतून नऊशे रुपये काढून माझ्या हातात ठेवले. मुलगा चुन्याचे आणि एका फुटलेल्या तावदानाचे पैसे वळते करायचे म्हणत होता, तावदान आम्हीच फोडले होते, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बीजी त्याला पंजाबीत काहीतरी म्हणाल्या. मला ते सगळे कळले नाही; ‘चौबीस’ एवढाच शब्द कळला. तो गप्प बसला, आणि दुसऱ्या दिवशी आमची कपाटे उतरवायला सर्वांत आधी त्यानेच हात लावला. टेम्पोत शेवटी कोबी, शलगम आणि गाजराच्या लोणच्याची बरणी आली. ‘बरनी वापस चाहिए,’ असे बीजींनी दोनदा बजावले.

पुण्यात माझ्या नावावर आता एक छोटा फ्लॅट आहे. तो मी भाड्याने देतो. खरे तर भाड्याने नव्हे, ‘लिव्ह अँड लायसन्स’ने, अकरा महिन्यांसाठी, नोंदणी करून. गेल्या वर्षी तिथल्या मुलाने फोनवर एका ओळीचा निरोप धाडला, करारातल्या अमुक कलमाप्रमाणे एक महिन्याची सूचना देत आहे, असा. व्यवहार चोख होता. तक्रारीला जागा नव्हती. तरी मी तो निरोप दोन-तीनदा वाचला, आणि त्याला फोन करून नवी नोकरी कुठे लागली, आईवडील बरे आहेत ना, असे विचारत बसलो. तो बिचारा भांबावला. अनामतीचा काही घोळ आहे का, असे त्याने मला अदबीने विचारले. बीजींचे तेव्हाचे वय आज माझे आहे.

बरणी मी परत नेली ती पुढल्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी. पंजाबातही भांडे रिकामे परत देत नाहीत, आपल्याकडेही देत नाहीत. पत्नीने तिळाचे लाडू भरून दिले होते. बरसातीत नवे बिऱ्हाड आले होते; दाराशी अनोळखी चपला होत्या. अकराच महिन्यांचा करार केला आहे, असे मुलाने मला मुद्दाम सांगितले, आणि वर जायला वाट दिली. बीजी गच्चीवर उन्हात होत्या, चटईवर सांडगे घालत. हात पीठाचे होते म्हणून बरणी त्यांनी दोन मनगटांत धरून घेतली, झाकण माझ्याकडून काढवून आत पाहिले, आणि चटईवर मला बसायला जागा करून देत विचारले, ‘उधर पानी कितने बजे आता है?’